संगणकातील दप्तर आणि त्याची जोडणी

वारणाकाठच्या गावांत संगणक नेण्याचा प्रकल्प १९९८ साली हाती घेण्यात आला. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या वारणा सहकार समूहाच्या परिसरातील, कोल्हापूर व सांगली या दोन जिल्ह्यांत विखुरलेली ७० गावे त्यासाठी निवडण्यात आली. खर्चाचा निम्मा भार केंद्र शासनाने, ४० टक्के राज्य शासनाने आणि उरलेला १० टक्के वारणा समूहाने उचलावयाचा होता. उसाच्या लागवडीची नोंद, तोडणीची पाळी, काट्यावरील वजन आणि मिळावयाची रक्कम ही माहिती शेतकऱ्याला कारखान्यापर्यंत हेलपाटा न घालता आपल्या गावातच मिळावी, हा त्यामागील हेतू होता. पुढे २००६ च्या सुमारास यांपैकी सात गावांत संगणकाऐवजी मोबाइल दूरध्वनीवरील लघुसंदेशाने तीच माहिती देण्याचा प्रयोग झाला आणि तो सोयीचा ठरला.

या प्रकल्पाच्या यशापयशाची चर्चा अनेकांनी केली आहे. येथे विचार करावयाचा आहे तो त्या पिढीच्या संगणकांतील एका लहानशा गोष्टीचा. त्या काळी मेजावरील संगणकात माहिती साठविणारी हार्ड डिस्क ही एका रुंद, चपट्या, करड्या रंगाच्या पट्टीने आतील मुख्य फलकाला, म्हणजे मदरबोर्डला जोडलेली असे. तशी यंत्रे केवळ वारणेकाठीच नव्हे, तर जिल्ह्यातील कितीतरी शाळा, पतसंस्था, दूध संस्था आणि कार्यालयांत त्या सुमारास आली. आज विकत मिळणाऱ्या कोणत्याही नव्या संगणकात ती पट्टी बसेल अशी जागा नाही. डिस्क शाबूत आहे, तिच्यावरील नोंदीही बहुधा शाबूत आहेत. पण ती जोडावी कोठे, हा प्रश्न आहे. कपाटातील जुन्या डिस्कमध्ये दहा वर्षांची कर आकारणी किंवा शाळेचा पट असेल, तर हा प्रश्न केवळ यंत्र दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा राहत नाही.

मिरजेचे तीन रूळ

जोडणीचे मानक म्हणजे काय, हे समजण्यासाठी कोल्हापूरच्या वाचकाला दूर जाण्याचे कारण नाही. कोल्हापूर ते मिरज ही रेल्वे १८९१ साली सुरू झाली तेव्हा ती मीटरगेज होती. पुणे–मिरज–कोल्हापूर मार्ग १९७१ साली ब्रॉडगेज झाला. त्यानंतर बरीच वर्षे मिरज स्थानकात तीन रुंदीचे रूळ एकत्र नांदत होते : पुणे आणि कोल्हापूरकडे जाणारा १,६७६ मिलिमीटर रुंदीचा ब्रॉडगेज, लोंढ्याकडे जाणारा एक मीटर रुंदीचा मीटरगेज आणि पंढरपूर–कुर्डुवाडीकडे जाणारा ७६२ मिलिमीटरचा नॅरोगेज. एका मार्गावरील वाघीण दुसऱ्या मार्गावर जाऊ शकत नसे. वाघीण चांगली होती, माल चांगला होता, रूळही चांगले होते. तरीही पोती एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढविल्यावाचून माल पुढे सरकत नसे.

संगणक आणि डिस्क यांच्यामधील मानक हे असेच रुळांच्या रुंदीचे ठरलेले माप होय. फरक इतकाच, की येथे तीन गोष्टी एकाच वेळी ठरवाव्या लागतात. पहिली, जोडाचा आकार आणि त्यातील पिनांची संख्या. दुसरी, त्या तारांतून विजेचे संकेत कोणत्या रीतीने आणि किती वेगाने जावेत. तिसरी, संगणकाने डिस्कला ‘अमुक जागेवरील मजकूर दे’ हे कोणत्या भाषेत सांगावे. या तिन्ही बाबी जुळल्या तरच डिस्क वाचता येते. आकार जुळला आणि भाषा जुळली नाही, असेही घडते. त्यातून होणारी फसगत पुढे येईलच.

रुंद पट्टीची जोडणी

आरंभी उल्लेखिलेली रुंद पट्टी ही आय. डी. ई. या जोडणीची. १९८६ च्या सुमारास वेस्टर्न डिजिटल, कॉम्पॅक आणि कंट्रोल डेटा या अमेरिकन कंपन्यांच्या सहकार्यातून ती निघाली. तोवर डिस्कचे नियंत्रण करणारे विद्युत्-मंडल संगणकातील स्वतंत्र कार्डावर असे, आय. डी. ई. मध्ये ते डिस्कच्याच अंगावर बसविण्यात आले. यामुळे डिस्क स्वस्त झाली आणि कोणत्याही कंपनीची डिस्क कोणत्याही संगणकात बसू लागली. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १९९४ साली तिला ए. टी. ए. या नावाने रीतसर मान्यता दिली. दुरुस्तीच्या दुकानांत मात्र आजही ‘आयडीई’ हेच नाव चालते.

या जोडात ४० पिना असतात. एका पट्टीवर दोन डिस्क बसू शकतात. पण त्यांतील मुख्य कोणती आणि दुय्यम कोणती, हे डिस्कच्या मागील बाजूस असलेल्या दोन पिनांवर जम्पर नावाची चिमुकली टोपी घालून ठरवावे लागते. दोन्ही डिस्कना एकच स्थान दिले गेले, तर संगणक गोंधळतो आणि बहुधा एकही डिस्क दाखवीत नाही. जुनी डिस्क ‘मेली’ असे समजून बाजूला ठेवण्यापूर्वी ही टोपी पाहावी. कित्येकदा दोष तेवढाच असतो.

पट्टी रुंद असण्याचे कारण असे, की या पद्धतीत १६ बिटांचा मजकूर १६ तारांतून एकाच वेळी, खांद्याला खांदा लावून धावतो. वेग वाढत गेला तसे शेजारच्या तारांतील संकेत एकमेकांत मिसळू लागले. म्हणून प्रत्येक तारेशेजारी जमिनीला जोडलेली एक तार घालून ८० तारांची पट्टी करण्यात आली. पिना मात्र ४०च राहिल्या. पट्टीची लांबी सुमारे ४६ सेंटिमीटरपेक्षा अधिक ठेवता येत नसे. या सर्व खटाटोपानंतर वेग सेकंदाला १३३ मेगाबाइटपर्यंत गेला आणि तेथे थांबला. इंटेलने २००६ पासून आपल्या नव्या चिपसंचांतून ही जोडणी वगळली आणि त्यानंतर काही वर्षांतच ती बाजारातून नाहीशी झाली.

त्याच काळात मोठ्या कार्यालयांच्या आणि बँकांच्या सर्व्हरमध्ये ‘स्कझी’ नावाची दुसरी जोडणी वापरली जात असे. तिचे मानक १९८६ सालचे. एका केबलवर प्रथम सात आणि नंतर पंधरा उपकरणे, प्रत्येकाला वेगळा क्रमांक आणि केबलच्या शेवटच्या टोकाला संकेत परतू नयेत म्हणून एक टर्मिनेटर, अशी तिची रचना होती. ती महाग होती, पण टिकाऊ आणि अनेक कामे एकदम उरकणारी होती. तिचीच आजची पिढी म्हणजे ‘सॅस’. ग्रामपंचायतीत किंवा शाळेत ती आढळण्याचा संभव कमी. परंतु जुना सर्व्हर मोडीत काढावयाचा असेल तर त्यातील डिस्क घरगुती संगणकाला लागणार नाही, हे ध्यानात असावे. सॅसच्या यंत्रणेत साटाची डिस्क चालते. साटाच्या यंत्रणेत सॅसची डिस्क चालत नाही.

साटा : अरुंद केबल, अधिक वेग

सोळा तारांतून शेजारी शेजारी मजकूर पाठविण्याऐवजी एकाच जोडतारेतून एकामागून एक, पण अतिशय वेगाने पाठवावा, या कल्पनेतून ‘साटा’ ही जोडणी निघाली. तिचे पहिले मानक २००३ सालचे. मजकुराच्या जोडात केवळ सात पिना, विजेच्या जोडात पंधरा, केबल बोटभर रुंदीची आणि एक मीटरपर्यंत लांब. प्रत्येक डिस्कला स्वतंत्र केबल असल्यामुळे मुख्य-दुय्यम हा तंटा आणि जम्परची टोपी दोन्ही निकालात निघाली. जोडाच्या आत इंग्रजी ‘एल’ अक्षराची खाच असल्यामुळे तो उलटा बसत नाही. राज्यात २०११ पासून संग्राम प्रकल्पात आणि २०१६ पासून आपले सरकार सेवा केंद्रांच्या योजनेत ग्रामपंचायतींचे कामकाज संगणकावर आले, तोवर मेजावरील संगणकांत सर्वत्र साटाच रूढ झाली होती.

साटाच्या तीन पिढ्या आहेत. पहिलीचा वेग सेकंदाला सुमारे १५० मेगाबाइट, दुसरीचा ३०० आणि २००९ मध्ये आलेल्या तिसरीचा ६००. सुदैवाने तिन्हींचा जोड एकच आहे आणि नवी डिस्क जुन्या संगणकात, जुनी नव्यात चालते. वेग तेवढा दोहोंतील कमी असलेल्याचा मिळतो. पन्हाळ्याच्या पायथ्याकडील शाळेला २००८ चा संगणक आणि आजची साटा डिस्क एकत्र वापरता येईल, ती या धोरणामुळे. मानक ठरविणाऱ्यांनी दाखविलेल्या या दूरदृष्टीचे मोल वेगाच्या आकड्यांहून अधिक आहे.

वेगाच्या आकड्यांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण खरेदीच्या वेळी हेच आकडे पुढे केले जातात. फिरत्या चकतीची साधारण हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते आणि सलग मजकूर वाचताना तिचा वेग सेकंदाला दीडशे-दोनशे मेगाबाइटच्या आसपास राहतो. तिला ६०० मेगाबाइटची जोडणी देणे म्हणजे उसाची बैलगाडी पुणे–बंगळूर महामार्गावर आणण्यासारखे आहे. रस्ता रुंद झाला म्हणून बैल धावत नाहीत. जोडणीचा वेग हा रस्त्याचा वेग होय, गाडीचा नव्हे. फिरत्या डिस्कच्या बाबतीत दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या साटात व्यवहारात काही अंतर पडत नाही.

काट्यावरील रांग

अंतर पडले ते एस. एस. डी. आल्यावर. तिच्यात फिरणारा कोणताही भाग नाही. मजकूर चिपमध्ये विद्युतभाराच्या रूपाने राहतो. ही डिस्क साटाचा ६०० मेगाबाइटचा रस्ता सहज भरून टाकते. तेव्हा तिला संगणकातील सर्वांत वेगवान मार्गाला, म्हणजे पी. सी. आय. एक्स्प्रेसला, सरळ जोडावे असे ठरले आणि त्यासाठी नवी आज्ञाभाषा तयार करण्यात आली. ती एन. व्ही. एम. ई. तिचे पहिले मानक २०११ साली प्रसिद्ध झाले. चार मार्गिका वापरणाऱ्या तिसऱ्या पिढीच्या अशा डिस्कचा वेग सेकंदाला सुमारे ३,५०० मेगाबाइटपर्यंत, तर चौथ्या पिढीचा ७,००० च्या आसपास जातो.

पण नुसत्या वेगापेक्षा तिच्या कामाच्या रीतीतील फरक समजून घेण्याजोगा आहे. गळीत हंगामात कारखान्याच्या वजनकाट्यापुढे गाड्यांची रांग लागते. काटा एकच असेल आणि आवारात एका वेळी ३२ गाड्याच घेता येत असतील, तर पुढील गाड्यांना रस्त्यावर थांबणे भाग पडते. साटाची रीत अशी आहे : आज्ञांची एक रांग आणि तीत अधिकाधिक ३२ आज्ञा. ही मर्यादा फिरत्या चकतीसाठी पुरेशी होती, कारण चकतीवर वाचणारा हात एका वेळी एकाच जागी जाऊ शकतो. एन. व्ही. एम. ई. मध्ये मानकानुसार पासष्ट हजारांहून अधिक रांगा आणि प्रत्येक रांगेत तितक्याच आज्ञा ठेवता येतात. हजारो नागरिक एकाच वेळी दाखला मागत असतील अशा सर्व्हरवर याचा लाभ उघड दिसतो. ग्रामपंचायतीच्या मेजावर, जेथे एक कर्मचारी एक नमुना भरीत असतो, तेथे साटाची एस. एस. डी. आणि एन. व्ही. एम. ई. यांतील अंतर जाणवणे कठीण. फिरत्या डिस्कऐवजी कोणतीही एस. एस. डी. बसविली, तर मात्र दहा वर्षांपूर्वीचा संगणकही ताजातवाना झाल्यासारखा वाटतो. अपुऱ्या निधीत नवा संगणक घेण्यापूर्वी हा उपाय करून पाहणे शहाणपणाचे.

वर ज्या फसगतीचा उल्लेख केला ती येथे होते. एम-२ या नावाने मिळणारी, २२ मिलिमीटर रुंद आणि बहुधा ८० मिलिमीटर लांब अशी पातळ पट्टी म्हणजे डिस्कचा आकार. ती जोडणी नव्हे. त्याच आकारात साटाची डिस्क मिळते आणि एन. व्ही. एम. ई. चीही. संगणकातील खोबण एका प्रकारची आणि आणलेली डिस्क दुसऱ्या प्रकारची असली, तर पट्टी पुष्कळदा व्यवस्थित बसते, स्क्रूही लागतो, आणि संगणक तिची दखलच घेत नाही. साटाच्या पट्टीला बहुधा दोन खाचा असतात, एन. व्ही. एम. ई. च्या पट्टीला बहुधा एक. तरीही डोळ्यांवर विसंबू नये. मदरबोर्डची माहितीपुस्तिका पाहावी. मागणीपत्रात ‘५०० जी. बी. एस. एस. डी.’ एवढेच लिहिले, तर पुरवठादार नियमानुसार कोणतीही डिस्क देऊ शकतो आणि ती परत करण्याचा कागदोपत्री आधार उरत नाही. धारकतेबरोबर आकार आणि जोडणी या दोन्ही गोष्टी मागणीपत्रात नमूद करावयास हव्यात.

बाहेरून जोडणी

जुनी डिस्क आणि नवा संगणक यांच्यामध्ये हमालाचे काम करते ती यू. एस. बी. एका बाजूस आय. डी. ई. किंवा साटाचा जोड आणि दुसऱ्या बाजूस यू. एस. बी. असलेली रूपांतर-केबल बाजारात मिळते. तिच्यातील चिप दोन भाषांमधील दुभाष्याचे काम करते. मिरज स्थानकात जे काम पाठीवरून होत असे, तेच येथे या चिपमधून होते, आणि तेथल्याप्रमाणेच येथेही वेळ खर्ची पडतो. यू. एस. बी. २.० चा कागदावरील वेग सेकंदाला ४८० मेगाबिट असला तरी हाती पडतात ते ३० ते ४० मेगाबाइट. ८० गीगाबाइटची जुनी डिस्क उतरवून घेण्यास त्या वेगाने पाऊण तास लागेल. ५०० गीगाबाइटच्या डिस्कला चार तास. तीच डिस्क साटाने आतून जोडली तर सव्वा तासात काम होईल. यू. एस. बी. ३.० चा निळा जोड असेल, तर हे अंतर जवळजवळ मिटते.

केबल घेताना एक गोष्ट पारखून घ्यावी. मेजावरील संगणकाच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टची वीज लागते आणि ती यू. एस. बी. तून मिळत नाही. म्हणून केबलबरोबर स्वतंत्र वीजपुरवठ्याची डबी असलीच पाहिजे. जुन्या मांडीवरच्या संगणकाच्या अडीच इंची आय. डी. ई. डिस्कला ४० ऐवजी ४४ पिना असतात, कारण वीजही त्याच जोडातून जाते; तिला वेगळा जोड हवा.

निर्लेखनापूर्वी

कार्यालयातील जुना संगणक निरुपयोगी ठरला, की जडवस्तू संग्रह नोंदवहीतील नोंद काढून त्याचे निर्लेखन होते आणि संगणक भंगारात जातो. नोंदवहीत संगणक ही एक वस्तू असते. त्याच्या पोटातील डिस्कची वेगळी नोंद नसते. येथेच दप्तर हरवते. सात-बारा आता राज्यस्तरीय सर्व्हरवर असून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा २०१८ पासून उपलब्ध आहे. त्यामुळे गावातील एखादी डिस्क गेली म्हणून सात-बारा जात नाही. परंतु ग्रामसभांची टंकलिखित इतिवृत्ते, नमुना आठची जुनी कर आकारणी, पाणीपुरवठा योजनेचे नकाशे, कामांची छायाचित्रे, शाळेच्या निकालपत्रकांची प्रत ही सामग्री पुष्कळ ठिकाणी त्या एकाच डिस्कवर असते.

कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर संस्थानचे मोडी कागद जतन केलेले आहेत. मोडी वाचणारे थोडे उरले, तरी कागद डोळ्यांना दिसतो आणि लिपी शिकून घेता येते. डिस्कवरील अक्षर डोळ्यांना दिसतच नाही. तिला जोडणारे यंत्र नाहीसे झाले, की शिकून घेण्यासारखेही काही उरत नाही. जोडणी जुळली तरी आणखी एक अडचण संभवते. युनिकोड रूढ होण्यापूर्वीचा मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेला असतो आणि तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात. म्हणून उतरवून घेताना फाइलींबरोबर जुन्या संगणकातील फॉन्टही उतरवून घ्यावेत; मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर सवडीने करता येते.

पंचगंगेच्या खोऱ्यात याला आणखी एक बाजू आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी शिरोळ, करवीर आणि हातकणंगले तालुक्यांतील कित्येक गावांत पाणी शिरले. कोल्हापूर येथील राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट धरली जाते. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी तिच्या बरेच वर गेले. पाण्यात राहिलेली डिस्क सुकली असे वाटून लगेच वीज जोडली, तर गाळाच्या कणांनी चकतीचा पृष्ठभाग खरवडला जातो आणि जे वाचले असते तेही जाते. अशी डिस्क उघडू नये, उन्हात ठेवू नये, कोणत्याही केबलला लावू नये. जशी आहे तशी, या कामातील जाणकाराकडे द्यावी. पूर येण्यापूर्वीच दुसरी प्रत दुसऱ्या गावी, उंचावरील इमारतीत असावी हे अधिक स्वस्त. त्या प्रतीसाठी फिरत्या चकतीची यू. एस. बी. डिस्क बरी. एस. एस. डी. वीज न मिळता फार काळ पडून राहिली तर तिच्यातील विद्युतभार हळूहळू उतरतो. कपाटात ठेवण्याच्या कामाची ती नव्हे.

निर्लेखनाचा प्रस्ताव तयार करताना संगणकातील डिस्क काढून तिच्यावर कार्यालयाचे नाव, वर्ष आणि जोडणीचा प्रकार लिहिलेली चिठ्ठी लावावी. मजकूर उतरवून झाला, नव्या प्रतीतील काही फाइली प्रत्यक्ष उघडून पाहिल्या, की त्याची नोंद प्रस्तावातच करावी. त्यानंतर डिस्कवर नागरिकांची वैयक्तिक माहिती असल्यामुळे तिच्यावरील मजकूर संपूर्ण पुसून किंवा ती नष्ट करून मगच यंत्र भंगाराकडे पाठवावे. फाइल कचरापेटीत टाकल्याने मजकूर पुसला जात नाही. रूपांतर-केबल आणि वीजपुरवठ्याची डबी ही प्रत्येक ग्रामपंचायतीने घेण्याची वस्तू नाही. पंचायत समितीच्या कार्यालयात असा एक संच ठेवून तो फिरता वापरला, तर तालुक्यातील सर्व जुन्या डिस्क एका उन्हाळ्यात उतरवून होतील. आय. डी. ई. च्या केबल अजून बाजारात मिळतात, तोवर हे काम साधे आहे.